धाब्याचं घर आणि एक रिकामी पाईप

खान्देशात उन्हाळ्यात घर खाली असतं आणि माणसं गच्चीवर. मे महिन्यात दिवसा ४५ डिग्री, रात्री अकराला पण खालच्या भिंतीला हात लावला तर गरम, मग आप्पा, माय, पोरंसोरं सगळे गोधड्या घेऊन वर जातात आणि खाली कपाट, पेटी, मोटारसायकल सगळं एका कुलुपाच्या भरवशावर. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत एक घर असंच साफ झालं. वर माणसं झोपलेली आणि खाली कपाट उचकटलेलं. सकाळी आप्पांचा फोन आला, आवाज थरथरत होता, तो आवाज मी अजून विसरलो नाही.

हे आमचं घर, अमळनेर तालुक्यातलं. पुढचा भाग जुना, धाब्याचा, दोन फुटी मातीच्या भिंती. मागे स्लॅबच्या तीन खोल्या, पुढं अंगण, गेट, आणि कडेला गोठा.

त्यानंतर घराची राखण करणारी यंत्रणा बसवायचं ठरवलं, पण पहिल्यांदा मी घाईच केली. जानेवारीत एक तयार अलार्मचा सेट आणला, खोलीत माणूस हलला की वाजणारा सेन्सर, मस्त चालला. मे मध्ये संध्याकाळी माय त्याच्यासमोरून तीनदा गेली, काहीच नाही! सेन्सर खराब म्हणून बदलून आणला, तोही तसाच. मग कळलं की हा पीआयआर सेन्सर म्हणजे कॅमेरा नाही, तो फक्त मागची भिंत आणि अंग यांच्या गरमीतला फरक बघतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात भिंतच अंगाइतकी तापते, मग फरक उरतो कुठे? म्हणजे ज्या दिवसांत घर सगळ्यात उघडं, नेमका तेव्हाच तो आंधळा.

म्हणून दुसऱ्या वेळी आधी वही घेतली. घराचा नकाशा काढला, आत यायच्या सगळ्या वाटा मोजल्या. पाच दारं, सात खिडक्या, एक जिना. पहिले पैसे दारांच्या मॅग्नेट सेन्सरवर घातले. एक तुकडा चौकटीला, एक दाराला, दोघं लांब गेले की सिग्नल. त्याला ऊन-थंडीचं काही नाही. जिन्याजवळ रडारचा सेन्सर लावला, तो गरमी नाही, हालचाल पकडतो.

मग वायरिंग, आणि इथं मी सगळ्यात जास्त वेळ दिला. बाकी सगळं नंतर बदलता येतं भाऊ, पण भिंत पुन्हा पुन्हा फोडता येत नाही. स्लॅबच्या खोल्यांत प्रत्येक कोपऱ्यापर्यंत कॅट-सिक्स म्हणजे नेटवर्कची केबल ओढली, तिच्यातूनच कॅमेऱ्याला करंट पण जातो आणि चित्र पण येतं, फक्त एक केबल १०० मीटरच्या वर न्यायची नाही. जिथं आज कॅमेरा नाही तिथं पण पाईप टाकून आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली, उद्या केबल बांधून ओढायला.

केबल घेताना एक गोष्ट नक्की करा. तिची तार ब्लेडनं खरवडून बघा. खरी तांब्याची असेल तर आतपर्यंत लाल. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरी निघाली, तर अॅल्युमिनियम. अशी केबल लांब गेली की व्होल्टेज पडतं, कॅमेरा रात्री आयआर लाईट, म्हणजे अंधारात बघायचा त्याचा न दिसणारा उजेड, लागताच बंद-चालू होत राहतो, आणि आपण दोष कॅमेऱ्याला देतो.

कॅमेरे चारच लावले पण रेकॉर्डर आठ चॅनलचा, म्हणजे आठ कॅमेरे जोडता येतील असा घेतला. डिस्कचा हिशोब सोपा आहे, एका कॅमेऱ्याचं सेकंदाला ४ मेगाबिट (एमबीपीएस) धरलं तर दिवसाला साधारण ४३ जीबी, चारांचे १७० च्या वर, म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर ११ दिवस टिकतं. आम्हाला पुरतं. कॅमेरे सगळे छज्जाखाली, पश्चिमेच्या भिंतीवर एकही नाही, तिथं दुपारी डबा भाजून निघेल.

धाब्याच्या भागात मात्र झिरी मारायची हिंमत झाली नाही, माती ढासळते. तिथं सेन्सर वायरलेस, झिग्बी नावाच्या रेडिओ सिग्नलवर चालणारे. पण दोन फुटी भिंतीतून सिग्नल जाईना, मग मधल्या दाराजवळच्या सॉकेटमध्ये एक स्मार्ट प्लग लावला, तो सिग्नल पुढं ढकलतो. बॅटरीवाले सेन्सर हे काम करत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

घरातल्या लाईटी पण यातच जोडल्या. त्यांचा मेंदू होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर, ते घरातच एका छोट्या डब्यावर चालतो, नेट गेलं तरी चालू. कॅमेरे, रेकॉर्डर, राऊटर, हा डबा मिळून साधारण ५० वॅट, एका जुन्या पंख्यापेक्षा कमी, म्हणून सगळं इन्व्हर्टरवर. बोअरची मोटर मात्र स्मार्ट स्विचवर थेट नाही हं! मोटर सुरू होताना ५ ते ७ पट करंट ओढते, स्विच जळेल. स्विचनं फक्त कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा स्विच, चालवायचा, मोटर कॉन्टॅक्टरनं.

माय पहिल्याच दिवशी म्हणाली, "मी ते बटनच दाबसू, मोबाईल माले नको." म्हणून भिंतीवरची बटनं सगळी तशीच आहेत, स्मार्ट रिले, म्हणजे मोबाईलवरूनही चालणारे छोटे स्विच, त्यांच्या मागे बसवले. त्यांना बटनाच्या बोर्डात न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, लागतो, आमच्या जुन्या बोर्डांत सॉकेट होतं म्हणून तो मिळाला.

गेटची केबल काळ्या मातीतून जाते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, म्हणून जाड काळ्या पाईपमधून नेली आणि दोन्ही टोकांना केबल थोडी ढिली ठेवली.

आता श्रावणात कानबाईला पुण्याहून धाकटा भाऊ येईल, त्याला घेऊन गोठ्याकडं पाचवा कॅमेरा लावायचाय. त्या पाईपमधली दोरी अजून तशीच आहे, काल ओढून बघितली, मोकळी येते.