मोजणीतून निसटलेले कामगार : युरोपातील कार्यस्थळ-सुरक्षेच्या संशोधनाचे अग्रक्रम

युरोस्टॅट हे युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय कामावरच्या अपघातांचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करते. त्यांत एक विसंगती पुन्हा पुन्हा दिसते. कामावर जीव गमावणाऱ्यांचे प्रमाण रोमेनिया आणि बल्गेरिया या देशांत युरोपीय सरासरीपेक्षा बरेच जास्त असते. पण हात मोडला, पाठ धरली, चार दिवस कामावर येता आले नाही, अशा जीवावर न बेतलेल्या अपघातांचे प्रमाण मात्र याच देशांत सर्वांत कमी असलेल्यांपैकी असते. हे चित्र जसेच्या तसे खरे मानायचे, तर तिथला कामगार परांचीवरून खाली पडला की एकतर जागच्या जागी मरतो, नाहीतर कपडे झटकून पुन्हा कामाला लागतो, असे म्हणावे लागेल. अर्थात तसे नाही. मृत्यू दडवणे अवघड असते, मोडलेला हात दडवता येतो. जिथे नोंद केल्याखेरीज विम्याची भरपाई मिळत नाही तिथे नोंद होते. जिथे नोंद केली तर पुढच्या सोमवारी काम मिळेल की नाही याची धास्ती असते, तिथे ती होत नाही.

आजचा विषय कार्यस्थळाची सुरक्षितता आणि आरोग्य यांवरील युरोपीय संशोधनाच्या अग्रक्रमांचा आहे आणि मी या विसंगतीपासून मुद्दामच सुरुवात केली. कशावर संशोधन करायचे हे आपल्याला काय दिसते यावर ठरते, आणि काय दिसते ते कशाची मोजणी होते यावर ठरते. माझे म्हणणे असे की, युरोपने नव्या धोक्यांच्या याद्या उत्तम केल्या. परंतु त्या यादीच्याही आधी जे काम हवे, ते म्हणजे कोण कशाच्या संपर्कात येतो याची नीट मोजणी आणि केलेल्या उपायांचा खरोखर गुण येतो का याची तपासणी, त्या कामाला मिळायला हवे होते तेवढे स्थान मिळालेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जून १९८९ मध्ये युरोपीय समुदायाने एक मूलभूत निर्देश काढला. कामाच्या ठिकाणच्या धोक्यांचे मूल्यमापन करणे आणि ते शक्यतो मुळातच टाळणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्याने सर्व सदस्य देशांच्या कायद्यांत आणले. १९९४ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र युरोपीय संस्था स्थापन झाली. तिचे कार्यालय स्पेनमधील बिल्बाओ येथे आहे. २००३ पासून निरनिराळ्या देशांतील संशोधन संस्थांनी 'पेरोश' या नावाने आपली आघाडी बांधली आहे. बिल्बाओच्या संस्थेने २०१३ ते २०२० या काळासाठी अग्रक्रमांचा जो आराखडा मांडला, त्यात चार मोठे विषय होते : कामगारांचे वाढते वय, जागतिकीकरणामुळे बदलणारे कामाचे स्वरूप, नवे तंत्रज्ञान, आणि रासायनिक व जैविक घटकांचा नवा किंवा वाढता संपर्क. यादी शहाणपणाची आहे, तिच्यातले काही वगळावे असे नाही, आणि नेमकी तीच तिची अडचण आहे. कारण इतक्या रुंद चार छत्र्यांखाली जवळजवळ कोणताही प्रकल्प उभा राहू शकतो.

प्रमाणाचे भान यावे म्हणून काही आकडे पाहू. १९९४ ते २०१८ या काळात युरोपीय संघात कामावरच्या प्राणघातक अपघातांमध्ये सुमारे ७० टक्के घट झाली, आणि हे यश खरे आहे. तरीही २०१८ मध्ये ३,३०० हून अधिक माणसे कामावर मरण पावली. पण युरोपीय आयोगाच्या २०२१ ते २०२७ या धोरणपत्रात कामाशी संबंधित सर्व मृत्यूंचा जो अंदाज दिला आहे, त्यात अपघातांचा वाटा फक्त दोन टक्के आहे. कर्करोगाचा ५२ टक्के आणि रक्ताभिसरणाच्या विकारांचा २४ टक्के आहे. वर्तमानपत्रात येतो तो कोसळलेला क्रेन. उरलेल्यांतली बरीच माणसे निवृत्तीनंतर, घरी किंवा रुग्णालयात, वीस-तीस वर्षांपूर्वीच्या धुळीमुळे मरतात, आणि त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारखान्याचा उल्लेख नसतो.

या उशिराच्या मृत्यूंचे सर्वांत मोठे उदाहरण ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचे आहे, आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. १८९८ मध्ये ब्रिटनमधील ल्युसी डीन या कारखाना निरीक्षक बाईंनी आपल्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीची दखल घेतली. वैद्यकीय निरीक्षकांनी ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. तिचे कण काचेच्या कपच्यांसारखे धारदार आणि दातेरी दिसले, आणि खोलीच्या हवेत ते तरंगत राहिले तर अपाय होतो, असे त्यांनी नोंदवले. ब्रिटनमधील पहिल्या महिला निरीक्षकांपैकी ल्युसी डीन एक होत्या. १९०६ मध्ये फ्रान्समधील निरीक्षक डेनिस ऑरिबो यांनी नॉर्मंडीतल्या कोंदे-स्युर-न्वारो परिसरातील ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत झालेल्या पन्नासएक मृत्यूंचा अहवाल दिला. फ्रान्समध्ये बंदी १९९७ मध्ये आली, ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये, आणि संपूर्ण युरोपीय संघात २००५ मध्ये. पहिल्या नोंदीपासून ब्रिटनमधील बंदीपर्यंत एकशे एक वर्षे गेली. या शंभर वर्षांत ज्ञान नव्हते असे कोणी म्हणू शकत नाही. कमतरता होती ती किती माणसे किती धुळीत किती वर्षे काम करतात या साध्या हिशेबाची, आणि तो हिशेब मांडण्यात ज्यांना रस नव्हता त्यांच्याच हातात कारखान्याच्या हजेरीच्या वह्या होत्या.

बंदी आली म्हणून ॲस्बेस्टॉस गेला असे मात्र नाही. आपण ज्याला सहज 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, त्या जातीचे पत्रे युरोपातल्या जुन्या छपरांवर आजही आहेत. त्याशिवाय नळांच्या वेष्टनात, फरशीखालच्या चिकट थरात आणि बॉयलरच्या खोल्यांत ॲस्बेस्टॉस बसून आहे. (भारतात आयात केलेल्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही.) ऊर्जाबचतीसाठी २०३० पर्यंत साडेतीन कोटी इमारतींचे नूतनीकरण करण्याचे युरोपीय आयोगाने २०२० मध्ये ठरवले. हेतू चांगला आहे. परंतु अनेकदा जुनी भिंत फोडल्याशिवाय नवे आवरण बसत नाही. आयोगाच्याच अंदाजानुसार आज ४१ ते ७३ लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात येतात आणि त्यांतले ९७ टक्के बांधकाम क्षेत्रातले आहेत.

२०२३ मध्ये हवेतील ॲस्बेस्टॉस तंतूंची मर्यादा दर घनसेंटिमीटरला ०.१ वरून ०.०१ वर, म्हणजे एकदशांशावर, आणली गेली. संशोधनाचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आजवर तंतू मोजले जात ते मुख्यतः प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने, आणि ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तंतू त्याला दिसतच नाहीत. म्हणून डिसेंबर २०२९ पासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने किंवा तितक्याच समर्थ पद्धतीने मोजणे बंधनकारक होणार आहे. आता प्रत्यक्ष कामाची जागा डोळ्यांसमोर आणा. तिसऱ्या मजल्यावरचे न्हाणीघर, एक फरशीवाला, त्याचा मदतनीस आणि कोपऱ्यात उघडलेली खिडकी. छिन्नीने जुनी फरशी उखडायला त्यांना दोन तास लागतात. नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल येईपर्यंत त्यांचे काम संपलेले असते आणि ते दुसऱ्या घरी गेलेले असतात. जागेवरच, काम सुरू होण्याआधी उत्तर देणारी स्वस्त मोजणी कशी करायची, हा माझ्या मते या दशकातला एक मोठा संशोधनप्रश्न आहे, आणि तो कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसारख्या नव्या पदार्थांइतका आकर्षक नसल्यामुळे मागे पडतो.

कार्बन-नळ्यांवर संशोधन होऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. २००८ मध्ये एडिंबरोतील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत लांब, ताठ कार्बन-नळ्यांनी उंदरांच्या पोटातील अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण केला, आणि त्यामुळे अशा अतिसूक्ष्म (नॅनो) पदार्थांबाबतची सावधगिरी वेळेवर सुरू झाली. १८९८ च्या नोंदीचे जे झाले, ते टाळण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता.

आता मोजणीच्या बाजूने झालेले एक चांगले काम. बिल्बाओच्या संस्थेने २०२२-२३ मध्ये जर्मनी, आयर्लंड, स्पेन, फ्रान्स, हंगेरी आणि फिनलंड या सहा देशांतील २४ हजारांहून अधिक कामगारांना दूरध्वनी करून सर्वेक्षण केले. 'तुम्ही बेन्झीनच्या संपर्कात येता का?' असे त्यांना विचारले नाही, कारण बेन्झीन कशात असते हे कामगाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याऐवजी तुम्ही गाडीत इंधन भरता का, कोणत्या यंत्राजवळ उभे राहता, दगड ओला करून कापता की कोरडा, असे कामाचे तपशील विचारले आणि त्यांवरून कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या २४ घटकांच्या संपर्काचा अंदाज बांधला. मागच्या कामाच्या आठवड्यात यांपैकी किमान एका घटकाचा संपर्क आला असण्याची शक्यता ४७ टक्क्यांहून अधिक कामगारांबाबत निघाली. सर्वांत वर काय होते? एखादे दुर्मीळ रसायन नव्हे, तर ऊन आणि त्याच्या खालोखाल डिझेलचा धूर. प्रश्न कामगाराच्या भाषेत विचारला की उत्तर कसे बदलते, याचा हा नमुना आहे.

याच्या तुलनेत दुसरे, अधिक प्रसिद्ध सर्वेक्षण पाहा. आस्थापनांचे, म्हणजे कारखाने, दुकाने, कार्यालये यांचे, 'एसेनर' नावाचे युरोपव्यापी सर्वेक्षण २००९ पासून ठरावीक वर्षांनी होते; २०१९ च्या फेरीत ३३ देशांतील ४५ हजारांहून अधिक आस्थापने होती. हाताच्या त्याच त्या हालचाली, बराच वेळ बसून राहणे, आणि त्रासदायक ग्राहक, रुग्ण किंवा विद्यार्थी यांच्याशी गाठ पडणे, हे धोके त्यात सर्वाधिक सांगितले गेले. माहिती मोलाची आहे. पण पाचापेक्षा कमी कर्मचारी असलेली आस्थापने या सर्वेक्षणात घेतलीच जात नाहीत. वर सांगितलेला फरशीवाला आणि त्याचा मदतनीस हे दोघे त्यात कधीच येणार नाहीत.

तीच गत मोबाइल ॲपवरून काम मिळवणाऱ्यांची. २०२१ मध्ये युरोपीय संघात असे सुमारे २.८ कोटी लोक असल्याचा अंदाज होता. सायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलाला पुढची ऑर्डर कोण देते, उशीर झाला की त्याचे गुण कोण कापते, पावसात निसरड्या ट्रामरुळांवरून वेग वाढवायला कोण भाग पाडते? मुकादम नाही, तर ॲपमधले एक गणिती सूत्र (अल्गोरिदम). २०२४ च्या निर्देशाने या सूत्रांमुळे सुरक्षिततेला आणि आरोग्याला, मानसिक आरोग्यालाही, होणाऱ्या धोक्यांचे मूल्यमापन कंपन्यांवर बंधनकारक केले. सदस्य देशांनी तो डिसेंबर २०२६ पर्यंत आपल्या कायद्यांत आणायचा आहे. पण सूत्राचे मूल्यमापन करायचे कसे, याची सर्वमान्य पद्धत अजून हातात नाही. कायदा पुढे आणि संशोधन मागे, असा हा उलटा प्रकार आहे.

वाढत्या वयाच्या प्रश्नावर फिनलंडने केलेले काम मला सर्वांत सुंदर वाटते, कारण त्यात चिकाटी आहे. तिथल्या संशोधकांनी १९८१ पासून नगरपालिकांच्या सहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अकरा वर्षे पाठपुरावा केला आणि 'कार्यक्षमता निर्देशांक' तयार केला. सात ते एकोणपन्नास असे त्याचे गुण असतात; त्यातला एक प्रश्न असा, की आजचेच काम दोन वर्षांनी तुम्हाला झेपेल का. पाठपुराव्यातून निघालेला एक निष्कर्ष व्यवस्थापनाला पचायला जड गेला असेल : उतारवयात ज्यांची कार्यक्षमता सुधारली, त्यांच्या बाबतीत वरिष्ठांच्या वागणुकीतील सुधारणा हा ठळकपणे जोडला गेलेला घटक होता. असे निष्कर्ष तीन वर्षांच्या अनुदानात निघत नाहीत. त्यासाठी संस्था टिकाव्या लागतात. स्वीडनमध्ये कार्यजीवनावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था २००७ मध्ये सरकारने बंद केली. इमारत पुन्हा उभी करता येते. पंधरा वर्षांचा खंडित पाठपुरावा मागे जाऊन भरता येत नाही.

शेवटचा विषय उपायांच्या तपासणीचा. केशकर्तनालयात काम करणाऱ्या तरुण मुलींचे हात पाहा. दिवसभर ओले, शाम्पू आणि रंग यांच्या संपर्कात. बोटांच्या बेचक्यांत आधी कोरडेपणा, मग भेगा, मग खाज. युरोपात या व्यवसायात हाताचा त्वचादाह इतका सर्रास आढळतो, की शिकाऊ मुली अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडतात. त्यावरच्या शिफारशींमध्ये हातमोजे आहेत, मलम आहे, आणि एक पैचाही खर्च नसलेली सूचना आहे : केस आधी कापावेत आणि मग रंगवावेत, म्हणजे ताज्या रंगाचे केस बोटांत धरावे लागत नाहीत. कामाचा क्रम बदलायचा, एवढेच. ही सूचना किती दुकानांत पाळली जाते, कोण सांगितल्यावर पाळली जाते, निरीक्षकाने, व्यवसायशिक्षकाने की रंगाच्या बाटल्या पोहोचवणाऱ्या विक्रेत्याने, आणि दोन वर्षांनी त्या मुलींचे हात कसे असतात, याचे संशोधन अग्रक्रमाच्या यादीत वर यावे असे मला वाटते. त्यासाठी आधी त्या दुकानात जावे लागेल. मालकीण आणि तिची एक मदतनीस, एवढेच मनुष्यबळ असल्यामुळे आस्थापनांच्या सर्वेक्षणाचा दूरध्वनी तिथे वाजत नाही.