बंदूक शेवटी घ्या

(कोल्हापुरात नवोदित नेमबाज आणि त्यांच्या पालकांपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्यातली पुनरुक्ती काढून मजकूर थोडा आवरला आहे.)

मंडळी, समोर निम्मे पालक बसलेले दिसतात, आणि पालकांचा प्रश्न मला पाठ आहे. ‘सर, कुठल्या कंपनीची घेऊ आणि कितीला पडेल?’ उत्तर देणार आहे, पण लगेच देणार नाही. कारण तो प्रश्न यादीत सगळ्यात शेवटी येतो आणि आपण तो सगळ्यात आधी विचारतो.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये ब्राँझ घेतलं, ४५१.४ गुणांचं. गुडघ्यावर बसून नेम झाला, झोपून झाला, तोवर तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्यानं मारायच्या फेरीत वर सरकला. हे टीव्हीवर बघितलं आणि घरोघरी पोरं म्हणाली, मला पण बंदूक पाहिजे. बरोबरच आहे. पण कुठली? स्वप्नीलची रायफल पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची, हवेवर नाही तर आगीच्या काडतुसावर चालणारी. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते ५० मीटर प्रोनमध्ये, ६०० पैकी ५९७ गुणांनी, म्हणजे संपूर्ण सामना झोपून. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सोनं घेतलं ते २५ मीटर पिस्तुलात. तिथं अर्धा सामना असा असतो की टार्गेट तीन सेकंद दिसतं, हात खालून उचलायचा, एक गोळी मारायची आणि सात सेकंद थांबायचं. तिघंही आपल्याच जिल्ह्यातले आणि तिघांचे खेळ तीन. एकाची बंदूक दुसऱ्याच्या हातात दिली तर उपयोग शून्य. तेव्हा पहिलं ठरवायचं ते खेळ कुठला हे.

नवख्याला माझ्या मते पर्याय दोनच, १० मीटर एअर रायफल नाहीतर १० मीटर एअर पिस्तूल. एक तर हे वर्षभर छताखाली खेळता येतं. दुसरं म्हणजे कायद्याची कटकट कमी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. सामन्याची एअर रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगानं सोडते. हिशेब केला तर आठ जूलसुद्धा भरत नाहीत. त्यामुळं कुणी ‘आमची जास्त पॉवरची आहे’ म्हणून विकायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. कागदाला भोक पाडायला पॉवर लागत नाही.

रायफल की पिस्तूल, हे मुलाच्या स्वभावावर आणि अंगावर ठरतं. रायफलच्या टार्गेटवरचा दहा, म्हणजे दहा गुणांचा मधला गोल, हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पिस्तुलाचा दहा साडेअकरा मिलिमीटरचा. ऐकून वाटतं पिस्तूल सोपं. मग एका हातात, दुसरा हात खिशात घालून, किलोभर वजन लांब धरा आणि सव्वा तास उभे राहा. ज्याला एक गोष्ट शंभर वेळा तशीच्या तशी करायला आवडते तो रायफलमध्ये रमतो. थोडा बेफिकीर, चूक झाली तरी झटकून पुढं जाणारा पोरगा पिस्तुलात चांगला निघतो. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र नव्हे.

आता डोळा. दोन्ही हात पुढं करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा. मग आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ खिडकीतच राहतं तो मुख्य डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा मुख्य निघाला तर घाबरू नका, पण खरेदीच्या आधी हे कळलं पाहिजे. डावखुऱ्याचा दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला लावायचा भाग, आणि ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, वेगळी येते. दुकानातून उजवी आणायची आणि मग कानशीनं घासत बसायचं, असं बघितलंय मी.

पुढचं सांगतो ते पालकांना पटत नाही. निदान सहा महिने बंदूक घेऊच नका. क्लबच्या रायफलवर शिकू द्या. त्या पैशातून बूट घ्या, जाकीट घ्या. रायफलच्या मुलाला उभं राहण्याचा आधार बुटांतून आणि जाकिटातून मिळतो. तळवा सपाट असला की घोटा हलत नाही. घोटा हलला नाही की कंबर हलत नाही. नळीचं टोक जे थरथरतं ते बहुतेक वेळा पायाकडून सुरू झालेलं असतं.

जाकिटाबाबत एक कोल्हापुरी सवय सोडावी लागते, वाढत्या अंगाचं घेण्याची. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा घेतला तर चालतो. शूटिंगचं जाकीट सैल असलं तर ते नुसतं ओझं. आणि नको तितकं कडक, जाड करून घ्याल तर सामन्याच्या तपासणीत अडकेल. कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या आत हवी, आणि ते किती दबतं हे यंत्र लावून मोजतात. सामना संपल्यावरही कुणालाही पुन्हा बोलावून तपासतात. तिथं नापास झालात तर पडलेले दहा कुणी मोजत नाही. म्हणून मापं अंगावर टेप लावून द्या, आतला स्वेटर घालून द्या, आणि मूल वाढलं की जाकीट लहान मुलाला विका. वापरलेल्या चांगल्या जाकिटाला आपल्याकडं गिऱ्हाईक कायम असतं.

आता रायफल अंगाला बसवणं. इथं थोडा वेळ घेतो.

चौदा वर्षांची एखादी मुलगी डोळ्यांपुढं आणा. तिच्या हातात तुम्ही नवी रायफल दिलीत, दुकानातून आली तशी. ती खांद्याला लावते आणि साइटमधून, म्हणजे नेम धरायच्या छिद्रातून, बघायला मान पुढं ताणते. गाल दस्त्यावर टेकतो खरा, पण डोळा छिद्राच्या खाली राहतो, म्हणून हनुवटी वर करते. दहा मिनिटांत मान दुखते, पंधराव्या मिनिटाला नजर पुसट होते. मुलीला वाटतं आपला नेम वाईट. नेम वाईट नाही, गालाची पट्टी खाली आहे. तिला सांगायचं, डोळे मीट, रायफल उचल, मान सरळ सैल ठेव, गाल आपसूक जिथं टेकेल तिथं टेकव. आता डोळे उघड. मागच्या साइटच्या छिद्राच्या मधोमध पुढची कडी दिसली पाहिजे. नाही दिसली तर तिची मान हलवायची नाही, पट्टी हलवायची. आधी उंची, मग आडवी बाजू. त्यानंतर खांद्यावरची प्लेट. ती मागंपुढं करून रायफलची लांबी जुळवायची, वरखाली करून खांद्याच्या खळग्यात बसवायची. डाव्या हाताचा आधार इतक्या उंचीचा हवा की कोपर बरगडीवर, कमरेच्या हाडाशी विसावेल आणि स्नायूला वजन पेलावं लागणार नाही. प्रत्येक बदल झाला की वहीत आकडा लिहायचा, कारण दस्त्यावर मापाच्या खुणा असतात त्या त्यासाठीच. एका दिवसात दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, कुठल्या बदलानं फरक पडला ते मग कळत नाही.

हे सगळं हलवता येतं तीच रायफल विकत घ्यायची. नाव मग वाल्थर असो, फाइनवर्कबाऊ असो की आन्शुट्झ. या तिन्ही जर्मन कंपन्यांच्या नळ्या तुमच्या मुलापेक्षा चांगल्या मारतात, पुढची काही वर्षं तरी. कमाल वजनाची मर्यादा साडेपाच किलो आहे, म्हणून साडेपाच किलोच उचलायला लावायचं असं नाही. पस्तीस किलोच्या मुलाला हलकी रायफल द्या. पाठीचा कणा एकच मिळतो.

पिस्तुलाचं सगळं ग्रिपमध्ये आहे. पार्दिनी, मोरिनी, स्टेयर ही नावं ऐकाल, तिन्ही उत्तम. पण ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची येते आणि ती कुणाच्याच हाताची नसते. तळव्याच्या बाहेर पोकळी राहते तिथं लाकडाचा लगदा भरायचा, बोट दबतं तिथं घासायचं. पिस्तूल मिटल्या डोळ्यांनी उचललं आणि उघडल्यावर पुढची साइट मागच्या खाचेच्या मध्यात असली की ग्रिप झाली. नियम विसरू नका. ट्रिगर निदान ५०० ग्रॅम वजन उचलायला हवा, ते प्रत्यक्ष वजन टांगून बघतात. पिस्तूल दीड किलोच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावायला हवं. ग्रिप फुगवत नेली की पेटीत मावत नाही.

सिलिंडर. ही गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. या बंदुका २०० बार दाबाच्या हवेवर चालतात आणि हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षांनी सामन्यात ते चालत नाही, जबाबदारी खेळाडूची. जुनी रायफल स्वस्तात मिळाली म्हणून आनंदानं घ्याल आणि सिलिंडरवर तारीख बघाल तर उरलंय वर्ष. नव्या सिलिंडरचा खर्च धरूनच भाव करा.

छर्ऱ्यांचंही तसंच. ४.४९, ४.५० अशा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या फरकानं डबे येतात. रायफल पक्की पकडीत आवळायची, प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे एकाच कागदावर मारायचे, ज्याचं भोक सगळ्यात लहान आणि गोल तो आपला. मग त्याच लॉटचे जमतील तितके डबे घ्यायचे. शेजाऱ्याच्या रायफलला चालला म्हणून तुमच्याला चालेलच असं नाही.

शालेय स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे छिद्राऐवजी उघड्या खाचेतून नेम धरायचा, गट असतो, साधी देशी रायफल घेऊन उतरता येतं. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. पण तिथं पदकं सोपी म्हणून मूल तिथंच तीन-चार वर्षं ठेवणारे पालक मला माहीत आहेत, आणि ते मुलाचं नुकसान करतात. पीप साइटला, म्हणजे छिद्राच्या साइटला, जायचंच असेल तर लवकर जा.

आता मागच्या रांगेतली तरुण मंडळी कशाची वाट बघतायत ते मला ठाऊक आहे. मल्टिगन. मोबाईलवर बघता ना, अमेरिकेतला माणूस बीप वाजला की पळतो, रायफल मारतो, ती पिंपात ठेवतो, शॉटगन उचलतो, शेवटी कमरेचं पिस्तूल काढतो. नाद खुळा आहे, मलाही बघायला आवडतो. हिशेब साधा, लागलेला वेळ अधिक चुकलेल्या टार्गेटचा दंड.

तिथं निवड कशी करतात बघा. आधी गट ठरवतात. कुठल्या गटात किती दुर्बिणी चालतात, शॉटगनमध्ये किती काडतुसं भरता येतात, हे गटावर ठरतं. हेवी मेटल नावाच्या गटात तर रायफल पॉइंट थ्री झिरो एटची, पिस्तूल पॉइंट फोर फाइव्हचं आणि शॉटगन हातानं मागंपुढं ओढायची. गट न बघता वस्तू घेतली तर उघड्या गटात जावं लागतं, जिथं सगळ्यात महागडी हत्यारं घेऊन मुरलेले लोक उभे असतात. नवखा सगळा पैसा रायफलवर आणि तिच्या एक ते सहा पटीच्या दुर्बिणीवर घालतो. वेळ मात्र जातो शॉटगन भरण्यात. नळीखालच्या नळकांड्यात एकेक काडतूस सरकवायचं असतं, तेव्हा चांगले खेळाडू पट्ट्यावरून एका मुठीत चार उचलून दोन-दोनच्या जोडीनं भरतात. म्हणून शॉटगनच्या भरायच्या तोंडावर कारागिरी करून घेणं आणि पट्टा पोटाशी घट्ट बसवणं याला तिथं फार किंमत. पिस्तुलाचं होल्स्टर पळताना हत्यार सोडणार नाही असं हवं, कारण हत्यार जमिनीवर पडलं की तुम्ही स्पर्धेतून बाहेर. पिंपात ठेवलेल्या भरल्या बंदुकीचा सेफ्टी लावायचा राहिला तरी बाहेर. नळी ठरलेल्या रेषेच्या मागं वळली तरी बाहेर.

आणि हे आपल्याकडं? अमेरिकेतल्या रूपात नाही. तिथली रायफल आपोआप भरणारी आणि सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारी, पिस्तूल बहुतेक वेळा ९ मिलिमीटरचं. ही दोन्ही सामान्य परवान्यावर आपल्याला मिळत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. तेव्हा ज्याच्या अंगात पळायची खुमखुमी आहे त्यानं पॉइंट टू टू पिस्तुलाच्या २५ मीटर रॅपिडकडं, म्हणजे झटपट गोळ्या मारायच्या खेळाकडं बघावं, नाहीतर बारा बोअरच्या शॉटगनच्या ट्रॅप आणि स्कीटकडं. तिथं उडती थाळी फोडायची असते आणि बंदूक खांद्याला बसली नाही तर गाल सुजतो, बाकी नियम सांगावा लागत नाही.

मघाशी चिठ्ठीतून प्रश्न आला, पावसाळ्यात काय करायचं. आपल्याकडचे जून ते सप्टेंबर म्हणजे गंजाचे महिने, नदीकाठच्या भागात जास्तच. फोमची पेटी ओल धरते, म्हणून सामना-सरावाहून आल्यावर रायफल पेटीत बंद करून ठेवू नका, कोरड्या कपाटात कुलपात उभी ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या दर आठवड्याला तव्यावर तापवून परत टाका. बाहेरचं लोखंड तेलाच्या फडक्यानं पुसा, पण सिलिंडरच्या तोंडाला आणि हवेच्या झडपेला साधं तेल अजिबात लावू नका. दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. तिथं कंपनीनं सांगितलेलं ग्रीसच, तेही नखभर.

दुसरी चिठ्ठी किमतीची आहे. परदेशी सामन्याची एअर रायफल लाखांत जाते, पिस्तूल त्याहून थोडं कमी, देशी बनावटीची बरीच स्वस्तात येते आणि जिल्हा पातळीपर्यंत ती पुरते. नेमकी रक्कम मी सांगणार नाही, युरोचा भाव आणि आयातीचे नियम बदलत असतात. सहा महिने क्लबच्या रायफलवर झाले, बूट-जाकीट झालं, वहीत मापं आली की या. वही घेऊन या, मग कंपनीचं नाव सांगतो.