कात्रीने घडवलेलं झाड

(दृश्य : उथळ कुंडीतलं झाड. कॅमेरा हळूहळू खोडाजवळ जातो.)

ही साल बघा. करडे पापुद्रे सुटलेत आणि त्यांच्याखाली नारिंगी, तपकिरी ठिपके उमटलेत. हे चिनी एल्म. रानात ते पंधरा मीटरच्याही वर जातं. इथे जेमतेम दोन वीत.

ग्वांगझो शहर ज्यात येतं तो दक्षिण चीनमधला प्रदेश म्हणजे लिंगनान. कुंडीत झाडं घडवायच्या चिनी कलेचं नाव पेनजिंग. जपानी बोन्सायचं मूळ तिच्यातच आहे. फांद्या वळवायला तार सगळीकडेच वापरतात. लिंगनानच्या माळ्यांचा भरवसा मात्र कात्रीवर.

(दृश्य : हात, कात्री, कापलेला खुंट.)

फांदी आधी मोकळी वाढू द्यायची. शेंड्याला हात लावायचा नाही. वर्षभर, कधी त्याहून जास्त, झाड अगदी विस्कटलेलं दिसतं, आणि नवशिक्याचा हात इथेच शिवशिवतो. फांदी खोडाला शोभेल इतकी जाड झाली की बुडाशी आखूड खुंट राखून छाटायची. खुंटातून धुमारे फुटतात. नेमके हवे तेवढे ठेवायचे, पुन्हा वाढू द्यायचे, पुन्हा छाटायचे. दर छाटीला फांदी वळते आणि आधीपेक्षा बारीक होते. अशी एक फांदी पुरी व्हायला कित्येक वर्षं जातात. एल्म हे सारं सोसतं, चटकन फुटतं. शिवाय तिथली हवा उबदार, दमट.

प्रदर्शनाआधी हे माळी झाडाची सगळी पानं काढतात. उघड्या फांद्यांत वर्षांची मेहनत दिसावी म्हणून. मला झाडाचं हेच रूप सर्वांत देखणं वाटतं.

(दृश्य : झारी. कुंडीखालून ठिबकणारं पाणी.)

पाण्याला वेळापत्रक नसतं. बोट मातीत घालून बघायचं. वरचा थर सुकू लागला की खालच्या भोकांतून वाहेपर्यंत पाणी द्यायचं. बशीत साचू द्यायचं नाही. दोन-तीन वर्षांनी, कळ्या फुटायच्या आधी, मुळं छाटून माती बदलायची. कडक कीटकनाशकं टाळलेली बरी. काहींनी एल्मची पानं झडतात. लाल कोळी पानांखाली दिसले तर आधी पाण्याचा फवारा मारून बघावा.

(दृश्य : पानं गळालेलं झाड.)

थंडीत पानं गळाली की लोक घाबरून झाड टाकून देतात. तसं करू नका. डहाळीची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर पाणी बेताने देत राहा.