"कोच हटवा" म्हणताय? आधी विचारा, सही कुणाची!

नमस्कार मंडळी! आजचा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच गळ्यात मारलाय. मागे ऑफसाइडच्या नियमावर व्हिडिओ टाकला, मेहनत करून, ग्राफिक्सबिफिक्स लावून. खाली पहिली कमेंट काय? "ते राहू दे, खालिदला कधी काढणार ते सांग." खालिद म्हणजे खालिद जमील, भारताच्या पुरुष फुटबॉल टीमचा कोच. त्याआधी याच जागी आधीचा कोच मनोलो मार्केझचं नाव असायचं. त्याआधी स्टिमॅकचं. वाक्य तेच, फक्त नाव बदलायचं. लोकांनी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलंय की काय कोण जाणे.

तर चला, बोलूनच टाकू.

स्कोअर तुम्हाला पाठ आहेत, भराभर जातो. जानेवारी २०२४, आशियाई करंडक. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन मॅच, एकही गोल नाही. मग वर्ल्डकपची पात्रता फेरी. गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हरलो. कॅप्टन सुनील छेत्रीच्या निरोपाच्या मॅचला कोलकात्यात कुवेतशी ०-० आणि शेवटी दोहात कतारकडून १-२. हो, माहितीये, तो कतारचा गोल. बॉल रेषेबाहेर गेलेला सगळ्या जगानं पाहिला. त्यावर कमेंटमध्ये पुन्हा भांडू नका, माझंही रक्त उसळतं. पण दोहाच्या रेफरीनं गुवाहाटीत आपल्याला हरवलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

पुढे २०२७ च्या आशियाई करंडकाची पात्रता. गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. ड्रॉ निघाला तेव्हा गटात सगळ्यात वरचं रँकिंग आपलं होतं. पहिल्या पाच मॅचमध्ये दोन गोल, दोन पॉइंट. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरून बाहेर. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बांगलादेशकडून हरलो ते २००३ नंतर पहिल्यांदा. तेव्हा रँकिंग झालं १४२.

झालं. आता मुद्द्यावर येतो.

ढाक्याची मॅच मी काकांबरोबर पाहत होतो. काका तरुणपणी कोल्हापुरात तालमीच्या टीमकडून खेळलेले, शाहू स्टेडियमची माती खाल्लेला माणूस. अकराव्या मिनिटाला गोल बसला. काका म्हणाले, "कोच बदला म्हणावं." मी विचारलं, "कितवा, काका?" त्यांनी बोटं मोजली आणि गप्प चहा घेतला.

मोजा ना तुम्हीही. जून २०२४ पासून स्टिमॅक, मार्केझ, जमील. तीन कोच. आणि फेडरेशनचे, म्हणजे देशातलं फुटबॉल चालवणाऱ्या एआयएफएफचे, अध्यक्ष किती? एक. कल्याण चौबे, सप्टेंबर २०२२ पासून. सोसायटीत पाणी आलं नाही की दरवेळी वॉचमन बदलायचा आणि चेअरमनला हार घालायचा, असला हा प्रकार आहे. म्हणून माझा एकच प्रश्न. आज तो तुम्हाला वैताग येईपर्यंत विचारणार आहे. कोच हरला, मान्य. पण त्याच्या नेमणुकीच्या कागदावर सही कुणाची?

पहिला कागद, स्टिमॅकचा. (स्क्रीनवर: २०१९–२०२४) हा माणूस मे २०१९ मध्ये आला, तेव्हा फेडरेशनवर प्रफुल्ल पटेल होते. २०२३ मध्ये घरच्या मैदानावर इंटरकॉन्टिनेंटल कप आणि दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकलो, रँकिंग ९९ झालं, सगळे खूश. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला थेट जून २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली, आशियाई करंडकाला तीन महिने उरले असताना. फेडरेशन थांबलं असतं तीन महिने तर काय बिघडलं असतं? तो करंडक हीच तर परीक्षा होती. पेपर व्हायच्या आधीच निकालपत्र हातात दिलं. मग जून २०२४ मध्ये काढलं, तो म्हणाला माझे उरलेल्या करारातले पैसे टाका, आणि शेवटी तडजोड झाली ४ लाख डॉलरवर. भारतीय फुटबॉलचे ४ लाख डॉलर, मंडळी, एका माणसाला घरी पाठवायला! "स्टिमॅकनं लुटलं" अशा शंभर कमेंट्स वाचल्यात मी. त्यानं काय लुटलं? त्यानं करार वाचला. सही करणाऱ्यानं वाचला नसावा.

आणि हो, ज्योतिषाचं विचारणारे तुम्ही सगळे! इंडियन एक्स्प्रेसनं २०२३ मध्ये छापलं होतं की टीम निवडताना एका ज्योतिषाचा सल्ला घेतला जात होता आणि त्याला पैसे फेडरेशनकडून गेले होते. मी यावर वेगळा व्हिडिओ करणार नाही. केला तर लोक त्या ज्योतिषाचा नंबर मागतील.

दुसरा कागद, मनोलो मार्केझ. जुलै २०२४. माणूस चांगला, कोचही चांगला, हैदराबादला त्यानं आयएसएल, म्हणजे देशातली मुख्य लीग, जिंकून दिली होती. पण नेमणूक कशी? एफसी गोवाचा कोच राहूनच भारताचाही कोच! पूर्ण मोसमभर. म्हणजे एका आठवड्यात मुंबई सिटीच्या ज्या छांगतेला गोव्याविरुद्ध खेळताना रोखायचं, त्यालाच पुढच्या आठवड्यात भारतासाठी खेळवायचं. मला सांगा, गल्लीतल्या स्पर्धेत तरी हे चालवून घ्याल का? याच माणसानं मे २०२५ मध्ये गोव्याला सुपर कप जिंकून दिला, जमशेदपूरला ३-० हरवून. आणि भारताबरोबर? आठ मॅच, एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. त्या विजयासाठीही निवृत्त झालेल्या चाळिशीच्या छेत्रीला परत बोलवावं लागलं. छेत्रीनं गोल मारला, टाळ्या झाल्या, सहा दिवसांनी शिलाँगमध्येच बांगलादेशशी ०-०.

"छेत्री जागा अडवतोय" म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे बघा. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच, १४. अडवतोय कुणाची जागा? रांगेत उभा कोण आहे ते नाव खाली लिहा. क्लबनी नंबर नऊची, म्हणजे गोल मारणाऱ्या मुख्य स्ट्रायकरची, जागा वर्षानुवर्षं परदेशी माणसाला दिली, आपली पोरं विंगवर पळतायत नाहीतर बेंचवर बसलीयत. हा प्रश्न मार्केझ तीन-चार दिवसांच्या कॅम्पमध्ये कसा सोडवणार? तेही अर्धवेळ?

पुन्हा विचारतो. अर्धवेळ कोच ठेवायचा, हे ठरवलं कुणी? मार्केझनं स्वतःला नेमलं नव्हतं. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून इंज्युरी टाइममधल्या पेनल्टीवर हरलो, २ जुलैला तो गेला, पत्रकात काय तर "परस्पर संमतीनं". त्यानंतर तीनच दिवसांनी आपल्या मुलींनी चियांग माईत थायलंडला २-१ हरवलं, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, आणि आशियाई करंडकाचं तिकीट पहिल्यांदा पात्रता फेरी खेळून मिळवलं. त्या व्हिडिओला व्ह्यूज किती आले माहितीये? जाऊ द्या. सांगितलं तर तुम्हालाच ओशाळल्यासारखं होईल.

तिसरा कागद. (स्क्रीनवर: १ ऑगस्ट २०२५) खालिद जमील. ऐजॉलला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा माणूस, मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं खेळलेला आणि शिकवलेला. सावियो मेदेरानंतर पहिला भारतीय कोच. त्या निवडीआधीचा तमाशा आठवतोय ना? अर्जदारांत झावी आणि पेप ग्वार्डिओला, जगातले नामांकित कोच! फेडरेशनला नंतर सांगावं लागलं की ते ईमेल खरे नव्हते. तेवढ्यात झावीच्या मानधनावर चर्चाही झडून गेल्या होत्या. मला अजून हसू येतं. आणि पाच मिनिटांनी राग.

पण मुख्य गोष्ट ती नाहीच. जमील आला तेव्हा देशात लीगच नव्हती! ११ जुलैला आयएसएल थांबवल्याचं क्लबना कळलं, कारण फेडरेशन आणि रिलायन्सच्या कंपनीतला १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढचं काहीच ठरलं नव्हतं. म्हणजे करार कधी संपणार हे २०१० पासून कागदावर लिहिलेलं होतं. पंधरा वर्षं! हो, कोर्टात फेडरेशनच्या घटनेचा खटला चालू होता, त्यामुळे हात बांधलेले होते, हेही मला माहितीये, फेडरेशनची बाजू घेणारे दोघे-तिघे हे लिहिणारच. पण तो खटला तरी का लांबला? कोर्टानं वाट मोकळी केल्यावर लीगसाठी टेंडर काढलं, नोव्हेंबरमध्ये मुदत संपली. आलेल्या बोली किती? शून्य. आणि लगेच ढाक्याची मॅच. लीग सुरू झाली थेट फेब्रुवारी २०२६ मध्ये, छोटी करून. तोवर मँचेस्टर सिटीवाले मालक मुंबई सिटीतून अंग काढून निघूनही गेले होते.

मडगावला सिंगापूरविरुद्ध छांगतेनं १-० केल्यावर आपण मागे सरकून बसलो, ते मला बिलकूल पटलं नाही. जमीलची ती सवय आहे, लीड मिळाली की कुलूप लावायचं. कुलूप पहिल्या हाफमध्येच तुटलं, साँग उई-याँगनं दोन मारले. त्यासाठी जमीलला बोला, हक्क आहे तुमचा. पण ज्या खेळाडूंना तेव्हा लीगच्या मॅच मिळत नव्हत्या, पगाराचा भरवसा नव्हता, ते सत्तराव्या मिनिटाला धापा टाकत होते म्हणून कोचला शिव्या? ती सही कुणाची होती?

आता ती एक पायरी, जी कुणीच समजून घेत नाही आणि ज्यासाठी मी हा व्हिडिओ करतोय. नीट ऐका. अध्यक्ष निवडतं कोण?

तुम्ही नाही. मी नाही. खेळाडू नाहीत, क्लबही नाहीत. २०२२ च्या निवडणुकीत मतदार होत्या फक्त राज्य संघटना, एका राज्याला एक मत. महाराष्ट्राचं मत वीफाकडे, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे. कोल्हापुरात तालमींच्या मॅचला स्टेडियम भरो न भरो, मत तेवढंच. सुप्रीम कोर्टानं आधी ३६ माजी खेळाडूंनाही मतदार केलं होतं. फिफानं आक्षेप घेतला, बंदी घातली, आणि खेळाडू यादीतून गेले. २ सप्टेंबर २०२२ ला मतदान झालं. समोर कोण होता? भाईचुंग भुतिया. भारताचा माजी कॅप्टन. निकाल ३३-१. चौबेही खेळाडूच होते बरं, गोलकीपर, फेडरेशनचे पहिले माजी खेळाडू अध्यक्ष. पण त्यांना निवडलं राज्य संघटनांनी, आणि उत्तर द्यायचं ते त्यांनाच. भारत सिंगापूरकडून हरला म्हणून कुठल्या राज्य संघटनेच्या सेक्रेटरीची खुर्ची हलली का? नाही हलत. म्हणून कोच हलतो.

"मग सरकारनं ताब्यात घ्यावं," हे लिहिणाऱ्या भावांनो, बाहेरून ताबा घ्यायचा प्रयोग झालाय. पटेलांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली नाही, मे २०२२ मध्ये कोर्टानं प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफानं भारताला निलंबित केलं, कारण बाहेरचा हस्तक्षेप. अकरा-बारा दिवसांत उठलं, पण तेवढ्यात गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. न खेळता परत आल्या. त्यांची चूक काय होती?

आणि ती दुसरी लाडकी कमेंट, "१४० कोटींत ११ सापडत नाहीत." लोकसंख्या गोल मारत नाही हो! सिंगापूर साठ लाखांच्या आसपास आहे, तेच आपल्याला मडगावात येऊन हरवून गेले. पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून वर्षाला किती मॅच खेळतो, ते मोजा. रायन विल्यम्सचंच घ्या. आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले, पठ्ठ्यानं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, टीमबरोबर ढाक्याला गेला. आणि मॅचच्या यादीत नाव नाही, कारण ऑस्ट्रेलियाहून कागद वेळेत आला नाही. दोष कुणाचाही असो, बसून पाहिली मॅच त्यानंच.

तर पुढे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवी घटना मंजूर केली. तिच्यात माजी खेळाडूंना, कोचना, रेफरींना, क्लबना सर्वसाधारण सभेत जागा आहे. कार्यकारिणीतही खेळाडूंच्या जागा राखीव आहेत, महिला खेळाडूंसकट. सध्याच्या समितीला सप्टेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिलीय. त्या निवडणुकीत वीफाचं मत कुणाला जाणार, हे विचारणारी एकही कमेंट आजवर माझ्या चॅनेलवर आलेली नाही. एकही नाही. खालिदवर किती, ते मी मोजणं सोडून दिलंय.

पुढच्या व्हिडिओत ती घटना उघडून बसू, कलमानुसार. कंटाळवाणं होणार आहे, आधीच सांगतो. तोवर छेत्रीनंतरचा तुमचा नंबर नऊ कोण, ते नाव लिहा. विंगर चालणार नाही. भेटू.