एक समुद्र, नऊ देश आणि आमचा वर्ग

नमस्कार. परदेशात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला बोलावलं की लोकांना तिथली थंडी, शिष्यवृत्ती, नोकरी यांविषयी ऐकायचं असतं. ते आपण प्रश्नोत्तरांत घेऊ. आज मी बाल्टिक समुद्राबद्दल बोलणार आहे.

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाने १९९१ साली ‘बाल्टिक युनिव्हर्सिटी प्रोग्राम’ सुरू केला. सोव्हिएत संघ मोडला तेच वर्ष. राजकारणाने दुभंगलेल्या एका समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या विद्यापीठांनी शाश्वत विकास एकत्र शिकवायचा, ही त्यामागची कल्पना. उप्सालात एमएस्सी करताना मी त्यातला एक कोर्स केला.

या समुद्राच्या काठावर नऊ देश आहेत, पण त्यात पाणी येतं चौदा देशांतून आणि त्या खोऱ्यात साडेआठ कोटी माणसं राहतात. सरासरी खोली जेमतेम पंचावन्न मीटर. बाहेरच्या समुद्राशी संबंध फक्त डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांतून, त्यामुळे सगळं पाणी बदलायला तीसेक वर्षं लागतात. शेतांतलं खत आणि शहरांचं सांडपाणी आलं की शेवाळ माजतं, मरून तळाशी जातं, कुजताना तिथला ऑक्सिजन संपवतं. आणि ऑक्सिजन संपला की गाळात अडकलेला जुना फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. आजोबांनी टाकलेल्या खतावर नातवाच्या काळातलं शेवाळ पोसलं जातं, असा हा प्रकार आहे.

स्टॉकहोमजवळच्या बेटांमध्ये आम्ही होडीतून पाण्याची पारदर्शकता मोजायला जायचो. तीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी तबकडी, तिला खुणा केलेली दोरी. होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची, मग वर ओढताना पुन्हा दिसते ती लिहायची आणि दोन्हींची सरासरी काढायची. पोलंडचा मुलगा आणि फिनलंडची मुलगी, दोघांची मापं जुळेनात, तेव्हा बाईंनी दोघांना पुन्हा तबकडी सोडायला लावली. जुळेपर्यंत होडी हलली नाही! माझ्या मते त्या सहकार्याचा कणा हाच होता. करार, बोधचिन्हं, पाहुण्यांची भाषणं नंतर.

त्याच जोरावर वर्गातली भांडणंही कामाची व्हायची. एकदा फळ्यावर समुद्रात जाणाऱ्या नायट्रोजनचे देशवार आकडे होते आणि पोलंड सगळ्यांत वर. तो पोलिश मुलगा उठला आणि म्हणाला, लोकसंख्येने भागा. खोऱ्यातली जवळजवळ निम्मी माणसं त्याच्या देशातली. भागल्यावर स्वीडन आणि फिनलंड पोलंडच्या पुढे गेले. मग फिनलंडची मुलगी म्हणाली, आमच्याकडे माणसं कमी आणि जमीन अफाट, जंगलांतून आपसूक वाहून येणारा नायट्रोजन आमच्या माथी का? तास संपला तरी कुणी उठेना. आकडा सगळ्यांना मान्य होता. वाद होता जबाबदारीचा, आणि तो तोंडावर होत होता. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

सरकारांच्या पातळीवर हेच काम हेलसिंकी करारातून चालतं; तो मुळात १९७४ चा, १९९२ मध्ये नव्याने केलेला. शीतयुद्धाच्या ऐन काळात दोन्ही गटांनी मूळ करारावर सह्या केल्या होत्या. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर मात्र रशियाबरोबरच्या बैठका थांबल्या. ते थांबणं मला समजतं. तरी नेवा नदी सेंट पीटर्सबर्गचं पाणी घेऊन आजही त्याच समुद्राला मिळते, आणि तिकडची मुलं आमच्या वर्गात नव्हती याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आपल्या भीमेकडे या. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं, उजनीत साठतं, तेच पाणी सोलापूरला प्यायला जातं आणि नदी पुढे कर्नाटकात उतरते. पुणे, सोलापूर आणि कलबुर्गीच्या विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने पाणी मोजावं, असा प्रस्ताव आम्ही काही जणांनी तयार केलाय. तबकडी आणि दोरीला फारसा खर्च नाही. नायट्रोजन-फॉस्फरसच्या चाचण्यांसाठी प्रयोगशाळा लागेल. सुरुवात मे महिन्यात करू, कारण तेव्हा उजनीचं पाणी सगळ्यांत खाली गेलेलं असतं. ज्यांना यायचंय त्यांनी नावं आजच द्या.