कॅनोपीला हलायला जागा

(दृश्य: पहाट. अंबड एमआयडीसीतली एक शेड. अर्धं उघडलेलं शटर.)

डिसेंबर महिना. निफाडचा पारा उतरला की नाशिकही गारठतं. या शेडमध्ये दोन हॅलोजन दिवे लागलेत, ते टेबलावरच्या नव्या कॅनोपीला ऊब मिळावी म्हणून. कॅनोपी म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण. दिसायला काच, पण आहे अ‍ॅक्रिलिक. गारठ्यात ते ठिसूळ होतं, आणि आज त्याला भोकं पाडायची आहेत.

ओझरला मिग आणि सुखोई घडले, त्यामुळे विमान म्हटलं की नाशिककराला तेच आठवतात. शेडमधलं हे विमान मात्र बिनइंजिनाचं आहे. जुना शिकाऊ ग्लायडर. त्याच्या आधीच्या कॅनोपीला प्रत्येक स्क्रूपासून केसासारखे तडे गेले होते. बसवणाऱ्याने जीव लावून स्क्रू आवळले होते, आणि नेमकं तेच तिला बाधलं.

(दृश्य: पोलादी नळीची फ्रेम, तिच्यावर अलगद टेकवलेली कॅनोपी.)

कारण साधं आहे. तापमान ३० अंशांनी वाढलं की एक मीटर अ‍ॅक्रिलिक सुमारे २ मिलिमीटर वाढतं. तेवढंच पोलाद अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. नाशिकची डिसेंबरची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत तीस अंशांचा फरक सहज पडतो. स्क्रूने जखडलेल्या अ‍ॅक्रिलिकला सरकायला वाव उरला नाही, तर सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो.

म्हणून ४ मिलिमीटरच्या स्क्रूला इथे साडेसहाचं भोक. फक्त मधलं भोक नेमक्या मापाचं, म्हणजे कॅनोपी मध्यावर धरलेली राहते आणि दोन्ही टोकांकडे सरकते.

(दृश्य: ड्रिलचा जवळून शॉट.)

हे बिट बघा. त्याची धार मुद्दाम मोडली आहे. लोखंडाला भोक पाडायचं धारदार बिट अ‍ॅक्रिलिकमध्ये एकदम घुसतं आणि पलीकडची बाजू फोडतं. हे खरवडत जातं. खाली लाकडाचा ठोकळा, हात हलका, मधून मधून बिट बाहेर, नाहीतर प्लास्टिक वितळून चिकटतं. मग प्रत्येक भोकाची आणि कापलेली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. या कामाला सकाळ गेली, आणि जायलाच हवी, कारण तडा जन्मतो तो खरबरीत कडेवर.

पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ कापड. थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांची बाटली टेबलाजवळही नाही. त्यांच्यामुळे अ‍ॅक्रिलिकवर बारीक भेगांचं जाळं धरतं.

स्क्रू मधल्या भोकापासून दोन्ही टोकांकडे लागतात, प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर.

“काका, अजून थोडं आवळू का?”

“नको रे. उन्हाळ्यात ही वाढायची कुठं? अर्धा आटा मागे घे.”

सैल सोडूनही चालत नाही. उड्डाणात कॅनोपीवरचा हवेचा दाब कमी होतो आणि ती वर ओढली जाते. धरून ठेवायची आणि सरकूही द्यायची, सगळं कसब या अर्ध्या आट्यात आहे.

(दृश्य: लाल मूठ.)

शेवटी ही मूठ. संकटात ती ओढली की कॅनोपी फ्रेमसकट सुटली पाहिजे, तरच वैमानिक पॅराशूट घेऊन बाहेर पडू शकतो. दोघांनी कॅनोपी खालून झेलून धरली आणि मूठ तीनदा ओढून पाहिली. तिन्ही वेळा सुटली.

दुपारचं ऊन शटरमधून आत येतं. वाकलेलं अ‍ॅक्रिलिक ऊन एका जागी गोळा करतं आणि आतली सीट करपू शकते. काका पांढरी चादर झटकतात, कॅनोपीवर पसरतात आणि चारी टोकं सुतळीने बांधतात.