राउटरला जवळचा रस्ता कसा कळतो?

(दृश्य: टेबलावर तीन राउटर, निळ्या केबली)

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका माडीवर नेटवर्किंगचा मराठी वर्ग चालतो. राउटरवर मुलांनी कागद चिकटवलेत: मांडवी, रावपुरा, कारेलीबाग. मांडवी ते कारेलीबाग थेट लिंक आहे, पण १० एमबीपीएसची. रावपुऱ्यावरून वळसा पडतो. तिथल्या दोन्ही लिंक १०० एमबीपीएसच्या.

आधी आरआयपी, म्हणजे राउटरनं वाट कशी निवडायची याचा एक नियमसंच. हा नुसते हॉप, म्हणजे वाटेतले टप्पे मोजतो, वेगाशी त्याला देणंघेणं नाही. त्यानं संथ लिंक निवडली. धावही पंधरा हॉपांपर्यंतच. सोळा म्हणजे रस्ताच नाही. शिकायला उत्तम, पण नव्या जाळ्यात तो घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा नियमसंच ओएसपीएफ. तो प्रत्येक लिंकची कॉस्ट, म्हणजे तिथून जाण्याची आकड्यातली किंमत धरतो. सिस्को कंपनीच्या राउटरवर त्यासाठी १०० एमबीपीएसला लिंकच्या वेगानं भागतात. थेट लिंक दहा, वळसा एक अधिक एक. मग संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली मांडलेल्या रीतीनं सगळ्यांत कमी बेरजेची वाट निघते. वाहतूक रावपुऱ्याकडे वळली.

(दृश्य: केबली बदलणारे हात, मग स्क्रीन)

आता थेट लिंक १०० ची, वळशाच्या दोन्ही १,००० च्या. भागाकार येतो ०.१, पण कॉस्ट एकाच्या खाली उतरत नाही. थेट एक, वळसा दोन. दहापट वेगाचा रस्ता ओस पडला!

"मॅडम, राउटर चुकला का?"

"बेरीज बरोबर आहे रे त्याची. आपला शंभराचा आकडा जुना झालाय."

तो आकडा तिन्ही राउटरवर १०,००० केला. एकावर जरी जुना राहिला, तरी मापंच वेगळी होतात. आता थेट शंभर, वळसा वीस.

मग गर्दीच का मोजत नाहीत? मोजून पाहिली होती. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या अमेरिकी जाळ्यात १९७९ पासून लिंकवरचा विलंब हीच कॉस्ट होती. वाहतूक वाढली, की गणपती विसर्जनाच्या दिवशी होतं तसं व्हायचं: एक रस्ता तुंबला म्हणून सगळे दुसऱ्यावर, तो तुंबला की सगळे परत पहिल्यावर. १९८७ साली कॉस्ट किती चढावी, एका वेळी किती बदलावी, याला मर्यादा घातली.

ओएसपीएफची कॉस्ट गर्दीनं हलत नाही. लिंक सारखी तुंबत असेल, तर इंजिनिअरनं आकडा हातानं वाढवायचा, तोही दोन्ही टोकांना. कॉस्ट बाहेर जाणाऱ्या बाजूला लागते. एकाच टोकाला वाढवली, तर माहितीचं पॅकेट जातं एका वाटेनं आणि उत्तर येतं दुसरीनं.